धुक्यातली बिनदिव्याची ट्रॉली

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हिवाळ्यात गाडी जपून चालवण्याचा विषय निघाला की सातारा-सांगलीत हे उत्तर ठरलेले. बर्फ पडत नाही, हे खरे. पण थंडीबरोबर गळीत हंगाम येतो आणि कराड, वाळवा, पलूस भागांतल्या रस्त्यांवर रात्रभर ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या. त्यातच निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि कृष्णेची व भिजलेल्या रानांची ओल पहाटे धुके होऊन रस्त्यावर बसते. इथला हिवाळा धोक्याचा होतो तो असा.

‘रस्ता रोजचा, अंदाज येतो,’ हा दुसरा युक्तिवाद. रस्त्याचा अंदाज येईल; पुढे ट्रॉली आहे की नाही, याचा कसा येणार? ताशी 80 किलोमीटरने धावणारी मोटार आणि 20 ने चाललेला ट्रॅक्टर यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे 17 मीटरने कमी होते. ट्रॉली 50 मीटरवर दिसली, तर हातात राहतात जेमतेम 3 सेकंद. मोटारीचा वेग 40 असेल, तर तेच 9 सेकंद मिळतात.

धुक्यात ‘अप्पर’ लावला की लांबचे दिसते, हाही गैरसमजच. पाण्याचे बारीक थेंब तो झोत चालकाच्याच डोळ्यांवर परत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिप्परच कामाचा.

मग सगळा दोष मोटारवाल्याचा? मुळीच नाही. ‘रेडियम लावलंय की,’ असे ट्रॉलीवाले सांगतात. पण ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. पडलेला प्रकाश तेवढा परत पाठवते. तिच्यावर चिखल बसला, ऊस लोंबला, की ती असून नसल्यासारखी. पंक्चर झालेली ट्रॉली भोवती दगड मांडून अंधारात सोडून देणे तर अक्षम्य आहे. इतरांना धोका होईल असे वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याचे 122 वे कलम स्पष्ट मनाई करते.

उपाय अवघड नाहीत. समोर जितके दिसते तितक्यात गाडी थांबेल, एवढाच वेग मोटारवाल्याने ठेवावा. ट्रॉलीवाल्याने मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर नेऊन लाल दिवा जोडावा आणि फडातून निघण्यापूर्वी पट्टी पुसावी. मोठी जबाबदारी मात्र कारखान्यांची. उसाची प्रत्येक खेप त्यांच्या काट्यावर येते, वजनाची पावती त्यांच्याच हातून मिळते. रिकामी ट्रॉली पुन्हा फडाकडे निघते तेव्हा गेटवर मागचा दिवा पाहायला मिनिटही लागत नाही. दिवा नसेल तर ट्रॉली तिथेच थांबवावी, आणि हे हंगामाच्या पहिल्या रात्रीपासून व्हावे.