काट्यावरचा कॅमेरा आणि त्याच्या तारा



ऊस भरून गाडी काट्यावर उभी राहिली की वर्षभराच्या कष्टाचे माप त्या एका आकड्यात होते. म्हणून काट्याबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे कारखान्यातल्या दुसऱ्या कशाबद्दलही बोलले जात नाही, आणि ते योग्यच आहे. गेल्या हंगामात आपल्या काट्यावर कॅमेरे बसले. गाडी पूर्ण काट्यावर आली, वजन स्थिर झाले, की फोटो आपोआप निघून त्या क्रमांकाच्या पावतीला जोडला जातो. योजना चांगली आहे, आमचा तिला विरोध नाही. पण काही पावत्यांवर रिकामा काटा आला, काहींवर आधीच निघून गेलेल्या ट्रॉलीचा फोटो आला. मग काय, गव्हाणीपासून चावडीपर्यंत एकच चर्चा. काट्यावरच्या कारकुनाला चार लोकांत बोलणी खावी लागली. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करतो.

आता म्हणतात, कॅमेरे खराब निघाले, नवे घ्या. आमचे मत निराळे आहे. कॅमेरे ठीक आहेत. तारा चुकल्या आहेत.

हा कॅमेरा लग्नातल्या फोटोवाल्यासारखा नाही. गाडी आली हे त्याला आपणहून कळत नाही, ते तारेतून सांगावे लागते. काट्याच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचे सेन्सर आहेत. गाडी पूर्ण आत आहे असे त्यांनी सांगितले आणि वजनयंत्राने आकडा स्थिर असल्याचे सांगितले, की २४ व्होल्टचा एक इशारा कॅमेऱ्याला जातो आणि फोटो निघतो. त्याच वेळी कॅमेरा दुसऱ्या तारेतून बाहेर इशारा देतो, त्यावर रात्रीचा दिवा लखकन पेटतो. एक इशारा आत, एक बाहेर. सगळा खेळ एवढाच.

या कॅमेऱ्यांत एक शहाणपणाची सोय असते. आत येणारा इशारा थेट त्याच्या यंत्रात शिरत नाही. आत एक बारीक दिवा असतो, इशारा आला की तो पेटतो आणि पलीकडचा भाग तो उजेड पाहतो. रात्री पाणी धरताना बांधाच्या अलीकडून बॅटरी दाखवावी, पलीकडच्या गड्याने ती ओळखावी, पण या वाफ्यातले पाणी त्या वाफ्यात जाऊ नये, तसे. बाहेरच्या विजेची गडबड बाहेरच राहते. मात्र त्यासाठी इशाऱ्याची परतीची तार वेगळी ठेवावी लागते.

आम्ही परवानगी घेऊन पेटी उघडून पाहिली. इशाऱ्याची परतीची तार आणि कॅमेऱ्याच्या विजेची निगेटिव्ह तार एकाच स्क्रूखाली आवळलेली! वायरमन म्हणाला, "निगेटिव्ह सगळं एकच असतंय की." त्याचा दोष नाही, इतर पॅनेलमध्ये तसे चालते. पण इथे त्याने बांधच फोडला. वर, जाळीचे वेष्टण नसलेली साधी केबल, आणि तीही ऊस उतरवणाऱ्या मोटारीच्या केबलला खेटून नेलेली. विहिरीवरची मोटार चालू केली की घरातला रेडिओ खरखरायचा, हे आपल्यातल्या जुन्यांना आठवत असेल. तीच खरखर या तारेत शिरते आणि कॅमेऱ्याला वाटते, गाडी आली. रिकाम्या काट्याचा फोटो निघतो. एक फोटो जादा निघाला की पुढच्या पावत्यांची जोडी एकेक घर सरकते. कारकून बिचारा काय करणार?

सेन्सरही दोन जातीचे असतात. एक २४ व्होल्ट पाठवतो, दुसरा तार शून्याकडे ओढतो. दुसऱ्या जातीला प्लसकडून एक रेझिस्टन्स जोडावा लागतो, नाहीतर इशारा उमटतच नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या त्याच प्लगमध्ये ५ व्होल्टच्या थेट तारा असतात. तिथे चुकून २४ दिले की तो भाग गेलाच म्हणून समजा. तारांच्या रंगावर भरवसा ठेवू नये, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. माहितीपत्रकातला पिनचा नंबर बघूनच जोडणी करावी. बाहेर जाणाऱ्या इशाऱ्याची ताकदही फार थोडी असते, अनेक कॅमेऱ्यांत ५० मिलिअँपिअरपर्यंतच. मोठा दिवा मध्ये रिले घालूनच पेटवावा, आणि रिलेच्या कॉइलवर डायोड लावावा.

वैधमापन खात्याचे निरीक्षक काटा तपासून शिक्का मारतात. ही पेटी कोण तपासतो? वाद झाला तर तो फोटो सभासदाचा पुरावा आहे, आणि कारकुनाचाही. म्हणून संचालक मंडळाला आमचे सांगणे आहे की नव्या कॅमेऱ्यांची खरेदी थांबवावी. जाळीची केबल, तिच्यासाठी वेगळी नळी आणि जाणत्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचे दोन-चार दिवसांचे काम, इतके आधी करून पाहावे. जोडणीचा नकाशा ठेकेदाराच्या बॅगेत न राहता काट्याच्या केबिनमध्ये लावावा. मोळी टाकण्यापूर्वी शेजारची मोटार दहा-वीस वेळा चालू-बंद करून रिकाम्या काट्याचा एकही फोटो निघत नाही, हे सभासदांसमोर दाखवावे.

आणि त्या कारकुनाची बदली साखर गोदामाकडे झाली आहे. ती रद्द व्हावी. अर्जावर पहिली सही आम्ही करू.