दारची मोटार आणि घरची वही

आमच्या बागाईत भागांत दारापुढें मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. ज्या अंगणांत पूर्वीं खिलारी बैलांची जोडी बांधलेली दिसे, तेथें आज पत्र्याच्या छपराखालीं चारचाकी दिसते. यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. रात्रीं अपरात्रीं दुखणेकऱ्यास तालुक्यास न्यावयाचें असलें म्हणजे मोटारीचें मोल कळतें. आणि ज्यानें उन्हातान्हांत राबून पैसा मिळविला त्यानें सुखानें प्रवास करूं नये, असें म्हणणारे आम्ही कोण? परंतु मोटार घेणें निराळें आणि मोटार पोसणें निराळें. बैलाची वैरण रोज घालावी लागते म्हणून ती डोळ्यांस दिसते. मोटारीची बरीचशी वैरण न दिसतां जाते. त्याविषयीं चार शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आरंभींच आमची चूक कबूल करतों. आम्हीं तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. वसुलीच्या बेरजेंत एका रुपयाची तफावत निघाली तरी ती सांपडेपर्यंत टेबल सोडलें नाहीं. परंतु निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहावरून आठ लक्ष रुपयांची मोटार घेतली, दोन लक्ष रोख व सहा लक्ष कर्जाऊ, तेव्हां तिचें खातें मात्र उघडलें नाहीं. कोणीं विचारलें कीं, "अण्णा, गाडीला खर्च काय येतो?" तर आम्ही ऐटींत सांगत असूं, "किलोमीटरला सात रुपये." तो हिशेब नुसत्या पेट्रोलचा होता. दुसऱ्या वर्षीं जून महिन्यांत सोयाबीनचें बियाणें व खत आणावयाचें, उंसाच्या बिलाची बाकी आलेली नाहीं, आणि बँकेचा हप्ता तर पांच तारखेस कापला जाणार, अशी कोंडी झाली. सूनबाईनें कांहीं न बोलतां आपल्या पाटल्या काढून पुढें ठेवल्या. त्या गहाण पडल्या त्या रात्रीं आम्हीं वही उघडली.

त्या सबंध वर्षांत मोटार ६,००० किलोमीटर चालली. खर्च असा निघाला: पेट्रोल ४२,००० रुपये, कर्जाचें व्याज ४५,०००, विमा १०,०००, सर्व्हिसिंग व दुरुस्ती ८,०००, टोल, पंक्चर वगैरे किरकोळ ३,०००, आणि वर्षाअखेर बाजारांत विचारणा करतां मोटारीची किंमत उतरलेली आढळली ती ९०,०००. हप्त्यांतील मुद्दल निराळें धरलें नाहीं, कारण तें किंमतीच्या घसाऱ्यांत आलेंच आहे. एकंदर बेरीज १,९८,००० रुपये. म्हणजे किलोमीटरला सात नव्हे, तेहतीस रुपये! त्यांतहि व्याज, विमा व घसारा मिळून १,४५,००० रुपये. हे मोटार चालली तरी जावयाचे आणि दारांत उभी राहिली तरी बहुतेक जावयाचेच.

या वहीवरून आमचें मत असें झालें आहे कीं, मोटारीची खरी काटकसर पेट्रोलच्या पंपावर होत नाहीं. ती मोटार घेण्यापूर्वीं बँकेच्या टेबलाशीं होते. सहा लक्षांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें सात वर्षांत फेडलें तर महिना सुमारें ९,६५० रुपये हप्ता बसतो. पांच वर्षांत फेडलें तर सुमारें १२,४५०. लहान हप्ता पाहून मन भुलतें, परंतु सात वर्षांत व्याज सुमारें दोन लक्ष अकरा हजार होतें, आणि पांच वर्षांत एक लक्ष सत्तेचाळीस हजार. चौसष्ट हजारांचा हा फरक म्हणजे लहान हप्त्याच्या सुखाची किंमत होय. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: व्याज उरलेल्या मुदलावर आहे कीं मूळ रकमेवर? मूळ रकमेवर तेंच शेंकडा ९ व्याज पांच वर्षें आकारलें तर तें दोन लक्ष सत्तर हजार होतें.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. पगारदाराचा पैसा महिन्यास येतो, शेतकऱ्याचा हंगामास येतो. गाळपास गेलेल्या उंसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे; तो किती पाळला जातो हें वाचकांस सांगणें नको. म्हणून ज्यास कर्ज काढणें भागच आहे त्यानें बिल येतांच सहा महिन्यांचे हप्ते निराळ्या खात्यांत टाकून ठेवावे, आणि तेवढी रक्कम उरत नसेल तर ही मोटार आपणांस परवडत नाहीं असें निमूटपणें समजावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, म्हणून कित्येकांनीं धांव घेतली. कर उतरला हें खरें, पण त्यामुळें घसारा थांबत नाहीं. तीनचार वर्षें वापरलेली, कागदपत्रें चोख असलेली मोटार घेतली तर घसाऱ्याचा पहिला मोठा तडाखा दुसऱ्यानें सोसलेला असतो. मात्र तिच्यावरील जुना बोजा उतरला आहे कीं नाहीं, हें सातबारा पाहतों तसें डोळे उघडे ठेवून पाहावें.

विम्यांत काटकसर करण्याचाहि एक योग्य मार्ग आहे आणि एक घातकी. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे. तो चुकविणें गुन्हा तर आहेच, शिवाय अपघातांत कोणी दगावल्यास भरपाईपायीं जमीन विकण्याची पाळी येते. परंतु स्वतःच्या मोटारीच्या विम्यांत, वर्षभर नुकसानभरपाई न मागितल्यास पुढील वर्षीं २० टक्के सूट मिळते, आणि ओळीनें पांच वर्षें न मागितल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून दोन हजारांच्या ओरखड्यासाठीं भरपाई मागून ही सूट गमावूं नये. ही सूट मोटारीची नसून मालकाची असते. नवी मोटार घेतली तरी ती बरोबर नेतां येते. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत विम्याचें नूतनीकरण न केल्यास ती बुडते.

चालविण्यांतील काटकसर सर्वांस ठाऊक आहे, आचरणांत तेवढी नाहीं. टायरांतील हवा चाकें थंड असतां पंधरा दिवसांनीं तपासावी. एकसारख्या मध्यम वेगानें चालवावें. चावडीपुढें गप्पा मारतांना इंजिन बंद करावें. ऑइल ठरलेल्या वेळीं बदलावें. आणि मोटारींत खताचीं पोतीं भरूं नयेत.

सर्वांत स्वस्त किलोमीटर मात्र जो चालविलाच नाहीं तो होय. बाजारास एका गल्लींतून तीन मोटारी रिकाम्या जातात. त्याऐवजीं या आठवड्यास एकाची, पुढील आठवड्यास दुसऱ्याची अशी पाळी लावावी. भाडें मात्र घेऊं नये; खाजगी मोटार भाड्यानें चालविणें कायद्यास मान्य नाहीं, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. एस. टी.च्या गाडींत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट आहे. आमच्या घरचीं माणसें आतां जिल्ह्याच्या गांवीं एस. टी.नेंच जातात, आणि त्यांत कोणाची प्रतिष्ठा उणी झालेली आम्हांस आढळली नाहीं.

आम्हीं मोटार विकली नाहीं. पुढील बिलांतून पाटल्या सोडविल्या, कांहीं मुद्दल आगाऊ भरलें, आणि वही मोटारीच्या किल्लीशेजारींच खुंटीस टांगली. मोटार घेऊं इच्छिणाऱ्या बंधूंस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं वही आधीं घ्यावी आणि मोटार मागाहून.