फावल्या वेळचे उद्योग : पिळाचा खांब

दिवाळी अंकातल्या या पानाने आजवर तुम्हांला आकाशकंदील करायला लावले, किल्ल्यावर पाण्याचे कारंजे उडवायला लावले. यंदा मात्र काय करा हे सांगण्याआधी माझ्यावर काय प्रसंग आला ते सांगणार आहे. कारण हा उद्योग मी हौसेने हाती घेतलेला नाही. आमच्या माळ्यावरच्या पाळण्याने तो माझ्या गळ्यात घातला.

आषाढात सूनबाईंची तारीख कळली आणि आईने पाळणा खाली काढायला सांगितले. सागवानी पाळणा, चार कोपऱ्यांना चार पिळाचे खांब. त्यांपैकी एक हातात घेतला तो पापडासारखा मोडला. वाळवीने आतून तो पोखरला होता. लोणावळ्याच्या पावसात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते. माळ्यावर ठेवलेल्या लाकडाची चौकशी माणसाने वर्षातून एकदा तरी करावी. ती मी केली नव्हती.

बाजारातल्या दोन-तीन सुतारांना तुकडे दाखवले. सगळ्यांचे उत्तर एकच : "हा पीळ आता कोणी करत नाही. गोल खांब बसवून देतो." चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, नवा पाळणा दोन दिवसांत घरपोच येतो. कशाला त्रास घेता?" यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गोल खांब मुळीच नको. तीन पीळ आणि एक लाटणं असं दिसेल ते!" आई फक्त एवढेच म्हणाली, "हे याच पाळण्यात वाढले, तूही याच पाळण्यात वाढलास." मग काही बोलण्याची सोय राहिली नाही.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाकूड कातायचा एक लहान लेथ आहे. निवृत्तीनंतर त्यावर मी लाटणी, भोवरे आणि एकदा बुद्धिबळाचा अर्धा संच केला आहे. पण लेथवर फक्त गोल कातता येते. लाकूड गरगर फिरते आणि पटाशी जागच्या जागी टेकते, मग पीळ पडणार कुठून? पीळ पडायला लाकूड जेवढे फिरेल त्या प्रमाणात हत्यारही पुढे सरकले पाहिजे. लोखंडाच्या लेथला त्यासाठी लांब आट्यांचा दांडा आणि दात्यांची चाके असतात. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने इ. स. १८०० च्या सुमारास ती जुळणी पक्की केली. हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होणाऱ्या लेथचे तत्त्वही तेच होते. आमच्या लाकडाच्या लेथला यातले काहीच नाही.

पीळ म्हणजे काय, हे समजून घ्यायला एक कागद पुरे. काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी बाजू पेन्सिलीवर चढत जाईल, तोच पीळ. आम्हां लोणावळेकरांना हे लवकर उमगते. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग सदतीस फुटांत एक फूट अशा चढाने वर येतो. तसला एक घाट सरळ डोंगरावर न ठेवता खांबाभोवती गुंडाळला की झाला पीळ. एका फेऱ्यात तो किती पुढे जातो, हा एकच आकडा आपल्याला हवा.

तो आकडा काढायला मी शाबूत खांबावर पातळ कागद गुंडाळला आणि पेन्सिलीच्या शिशाने घासला. कडा उमटल्या. खांब ३८ मिलिमीटर जाडीचा. चार पेडांच्या दोरासारखा चौपेडी पीळ. पिळाचा भाग ३३ सेंटिमीटर आणि तेवढ्यात प्रत्येक पेडाचे बरोबर दोन फेरे. म्हणजे एका फेऱ्याला साडेसोळा सेंटिमीटर. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोन खांबांचा पीळ उजवीकडे जातो, दोहोंचा डावीकडे. समोरासमोरचे खांब आरशातल्यासारखे. मोडलेला खांब डावा होता.

आता दात्यांच्या चाकांवाचून हे जमवायचे कसे? उत्तर माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दिले. ते नाणे मावळातले. लहानपणी एका काताऱ्याकडे दोर ओढायच्या कामाला होते. पूर्वी कातारी लाकडाभोवती दोराचे वेढे घेत आणि पोरगा दोराची दोन टोके आळीपाळीने ओढी. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. कापायचे ते एकाच दिशेच्या फेऱ्यात. मिस्त्री म्हणाले, "साहेब, दोर ओढला की लाकूड फिरतं. मग लाकूड फिरवलं तर दोर ओढला जाईल का नाही?"

सगळी युक्ती या एका वाक्यात आहे. लेथच्या फिरत्या टोकाला एक रीळ बसवायचे. त्याला पोलादी तारेचे टोक पक्के करायचे. तार एका लहान कप्पीवरून वळवून लेथच्या लांबीने न्यायची आणि एका सरकत्या गाडीला बांधायची. गाडीवर राउटर. लाकूड एक फेरा फिरले की रिळाच्या घेराएवढी तार गुंडाळली जाते आणि गाडी तेवढीच पुढे येते. रिळाचा घेर म्हणजेच पिळाचा एक फेरा! साडेसोळाला बावीसने भागून सातने गुणले की सव्वापाच. म्हणजे रीळ साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचे. तार खांबाच्या वरून घेतली तर पीळ एका बाजूचा, खालून घेतली तर दुसऱ्या बाजूचा.

गाडी म्हणजे १२ मिलिमीटर प्लायवूडची तळ नसलेली पेटी. लेथच्या दोन्ही अंगांना, त्याच्या आसाला समांतर, दोन सरळ पट्ट्या बसवल्या. पेटी त्यांवरून घसरते. पेटीच्या माथ्यावर राउटर असा बसवायचा की त्याचे पाते बरोबर खांबाच्या मध्यरेषेवर उतरेल. या एका गोष्टीत आळस करू नका. पाते बाजूला सरले की खाच एका कुशीवर कलते. गाडीच्या दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडली आणि तिला तीन किलोचे वजन टांगले. त्यामुळे तार सदैव ताणलेली राहते आणि रीळ उलटे फिरवले की गाडी आपोआप मागे जाते. पीळ जिथे सुरू व्हायचा व संपायचा तिथे पट्ट्यांवर लाकडाचे अडसर ठोकले.

पहिला प्रयोग आंब्याच्या टाकाऊ लाकडावर केला. पीळ सुरेख पडला, पण जुन्या खांबाशेजारी धरला तो दुसरा फेरा साडेबारा मिलिमीटरने पुढे गेलेला. रात्रभर हिशेब तपासला. आकड्यांत चूक नव्हती. चूक तारेत होती. दोन मिलिमीटर जाडीची तार रिळावर बसते तेव्हा तिचा मध्य रिळाच्या पृष्ठापासून एक मिलिमीटर बाहेर असतो. दोन्ही बाजूंचे मिळून दोन. म्हणजे माझे रीळ साडेबावन्नचे नसून साडेचौपन्नचे झाले होते आणि फेरा १६५ ऐवजी १७१ मिलिमीटरांचा. तेव्हा ध्यानात ठेवा : रिळाच्या व्यासातून तारेची पूर्ण जाडी वजा करा. मी साडेपन्नासचे रीळ केले. तेही आधी लाकडाचे होते. श्रावणाच्या दमट हवेत लाकडी रीळ अर्धा मिलिमीटर फुगले, तर प्रत्येक फेऱ्यामागे दीड मिलिमीटर वाढते. अखेर एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे कातून आणले.

चार पेडांसाठी रीळ आणि खांब यांच्यामध्ये २४ भोकांची एक तबकडी हवी. तबकडी खांबाबरोबर फिरते, आणि एक खिळा तिला रिळाशी जखडतो. एक खाच झाली की खिळा काढायचा, खांब सहा भोके फिरवायचा, खिळा पुन्हा घालायचा. रीळ हलत नाही, खांब पाव फेरा सरकतो आणि दुसरी खाच बरोबर आपल्या जागी सुरू होते. तीन पेड हवे असतील तर आठ भोके, दोन हवे असतील तर बारा. तबकडीची भोके आखताना घाई करू नका. तिथली चूक खांबभर मिरवते.

आता कापणे. पहिली गोष्ट, लेथच्या मोटारीचा प्लग काढून ठेवा आणि पट्टाही उतरवा. इथे लेथ हातानेच फिरवायचा असतो. चुकून मोटार सुरू झाली तर गाडी, तार आणि तुमची बोटे यांचा हिशेब कोणत्याच त्रैराशिकात बसणार नाही. राउटर मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेतो. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला फडके पाहिजेच. सागाच्या धुळीने पुष्कळांना शिंका येतात, अंगाला खाज सुटते. राउटरची वायर वर छताला टांगा आणि मुलांना खोलीबाहेर ठेवा. मी १२ मिलिमीटरचे गोल टोकाचे पाते घेतले. सहा मिलिमीटरची खोली एका दमात घ्यायची नाही. दोन-दोन करून तीन खेपांत घ्यायची. आणि कापायचे ते फक्त तार गुंडाळली जात असताना. परत जाताना पाते वर उचलायचे. कातारी एकाच दिशेने कापी, ते उगाच नव्हे.

खांबाला लाकूड मात्र नवे घेतले नाही. एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचे साग मिळाले. अनेक पावसाळे पचवलेले लाकूड सहसा फसवत नाही. भाद्रपदातल्या एका दुपारी चार पेड, तीन-तीन खेपा, असे बारा फेरफटके घालून खांब उतरवला. पट्टी लावली, कागद लावला. केसाचाही फरक नाही. मी मिस्त्रींना मोठ्या दिमाखात बोलावले.

त्यांनी चष्मा लावला नाही. नवा खांब डाव्या हातात घेतला, जुना उजव्या हातात आणि दोन्ही अंगठे पिळावरून हळूहळू वर नेले. मग म्हणाले, "साहेब, तुमचा बरोबर आहे. पण याचा नाही."

मला कळेना. त्यांनी माझा अंगठा जुन्या खांबावर ठेवला. पहिला पेड बारीक. तिसरा चांगला गुबगुबीत. मधल्या भागात पीळ किंचित दबलेला, वर जाताना मोकळा झालेला. दोन फेरे बरोबर दोनच होते, पण मधली वाट त्या काताऱ्याने डोळ्याने चाललेली होती. मिस्त्रींनी सांगितले, "सुतानं आखायचं, करवतीनं खाच पाडायची, मग पटाशी अन् कानस. कुठं गाठ आली तर पेड थोडा बाजूला घ्यायचा." मी कागदावर फेरे मोजले होते, बोटांनी पाहिलेच नव्हते. माझा खांब पाळण्याला लावून पाहिला. तीन भावंडांत एखादा पाहुणा शाळेच्या कवायतीला उभा असावा तसा तो दिसत होता.

पुढचे चार दिवस गोल कानस आणि पॉलिश पेपर. राउटरच्या खाचा तशाच ठेवून मधल्या उंच भागाच्या कडा हाताने गोल केल्या. तिसऱ्या पेडावर कमी घासले, पहिल्यावर जास्त. मिस्त्री बाजूला पाटावर बसून फक्त "अजून" किंवा "पुरे" एवढेच म्हणत. घरच्या यंत्राने मला फेरा दिला, चारही पेड सारख्या अंतरावर दिले आणि महिन्याचे काम एका दुपारवर आणले. त्याच्यावाचून माझ्यासारख्या हौशी माणसाला हा खांब कधीच जमला नसता. पण खांबाला त्या घरचा करणे हे काम त्याचे नव्हते, आणि ते त्याच्याकडून होईल असे मी धरून चाललो होतो.

त्या दिवसांत एका रविवारी मिस्त्रींना घेऊन कार्ल्याच्या लेण्यावर गेलो. घरापासून दहा-बारा किलोमीटरांवर असूनही कितीतरी वर्षांत जाणे झाले नव्हते. चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. दाराशी ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावचा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार केले असे तो सांगतो. लेणे खोदवणाऱ्या श्रेष्ठींची नावे तिथे आहेतच. पण त्यांच्या पंगतीत सुताराचेही आहे. मी ते वाचून दाखवले तेव्हा मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या कातारीबाबानं कुठंच नाव घातलं न्हाई."

आमच्या पाळण्यावरही कोणाचे नाव नाही. तिसऱ्या पेडाचा जाडपणा हीच काय ती त्या कारागिराची सही.

आश्विनात नात आली. बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळण्याला झेंडू आणि शेवंतीच्या माळा होत्या. मी आईला म्हटले, "यातला नवा खांब कोणता ते ओळख." आईने चारही खांबांवरून हात फिरवला, एकाशी थांबली आणि म्हणाली, "हा." तो तिच्या लग्नाच्याही आधीचा होता. मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "पुरे."

आता ज्यांच्या घरी मोडका पिळाचा पाय, खांब किंवा देव्हाऱ्याचा गज पडून असेल त्यांनी तो टाकू नये. आधी शाबूत भावंडावर कागद घासा, एका फेऱ्याची लांबी मोजा, तिला बावीसने भागून सातने गुणा, तारेची जाडी वजा करा. आणि लेथला हात लावण्याआधी पाच मिनिटे डोळे मिटून अंगठा फिरवा.

तो साडेबारा मिलिमीटरने चुकलेला आंब्याचा खांब मी फेकला नाही. यंदाच्या दिवाळीत तो गॅलरीतून आडवा बाहेर काढला आहे आणि त्याच्या टोकाला आकाशकंदील टांगला आहे. येणारेजाणारे वर पाहून म्हणतात, "वा, काय पीळ पाडलाय!" मी मान डोलावतो. हिशेब कोणालाच सांगत नाही.