गाडीचं नाक कोणतं घ्यायचं?

मुलांनो, घरात दादाने किंवा काकाने जुनी मोटारसायकल नव्याने उभी करायला घेतली की एक वाद हमखास होतो. दादा म्हणतो, "तो कंपनीचा फिल्टरचा डबा काढून टाकू, उघडा फिल्टर लावू. गाडी भन्नाट पळेल!" बाबा म्हणतात, "आहे ते राहू दे." आज या वादात आपण पंच व्हायचं. पण पंचाला आधी खेळ कळायला हवा ना?

इंजिन हवा किती खातं, याचा हिशेब तुम्हीच करा. १०० सी.सी.चं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. ते दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे ३००० श्वास, आणि पूर्ण रेस दिली तर एका श्वासाला जवळजवळ १०० मिलिलिटर हवा. झाले की नाही मिनिटाला सुमारे ३०० लिटर? शांत बसलेला माणूस तेवढ्याच वेळात सहा ते आठ लिटर हवा घेतो! शिवाय आपल्या रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे, बरं का. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. काचेवर ओरखडा काढणारी वाळू पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये शिरली, तर पॉलिश पेपरने घासल्यासारखं काम सुरू होतं. ती अडवणारं गाडीचं नाक म्हणजे एअर फिल्टर.

आता कार्ब्युरेटर. एक स्ट्रॉ पाण्याच्या ग्लासात उभी धरा आणि दुसऱ्या स्ट्रॉने तिच्या तोंडावरून आडवी, जोरात फुंकर मारा. पाणी वर चढतं आणि त्याचे तुषार उडतात. (वह्यापुस्तकं लांब ठेवा!) कार्ब्युरेटरमध्ये हेच होतं. अरुंद जागेतून वेगाने जाणारी हवा जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर खेचते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. कंपनी जेटचं भोक ठरवते, ते डब्यातल्या फिल्टरमधून किती अडखळत हवा येणार हे धरूनच.

दादाचा डाव इथेच फसतो. उघडा फिल्टर लावला की हवा मोकळी आत येते, पण आतली ओढ कमी झाल्यामुळे त्या मानाने पेट्रोल कमी चढतं. याला मेकॅनिक म्हणतात, गाडी लीन झाली. ती अडखळते, तापते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या टू-स्ट्रोक गाडीत तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन चिकटून बसू शकतो. मग पळणं राहिलं बाजूलाच, गाडी ढकलत आणायची!

पण बाबांनी लगेच हसू नये. फिल्टर वर्षानुवर्षं साफच केला नाही, तर उलटं होतं. हवा अडते, ओढ वाढते, पेट्रोल जास्त चढतं. गाडी रिच होते, अ‍ॅव्हरेज घसरतं, सायलेन्सर काळा धूर ओकतो.

मग निवडायचं काय? कागदी फिल्टर स्वस्त, बारीक धूळही छान अडवतो, पण तो धुवायचा नसतो. खराब झाला की बदलायचा. फोमचा म्हणजे स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून, पिळून बसवायचा. तेलालाच धूळ चिकटते, त्यामुळे कोरडा स्पंज फारसा उपयोगाचा नाही. तिसरा सुती जाळीचा. तोही तेल लावलेला. हवा मोकळी सोडतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण महाग.

पंच म्हणून माझा कौल विचाराल, तर रोज शाळा-ऑफिसला जाणाऱ्या गाडीला डबा हवाच. तो पाऊस आणि चिखल बाहेर ठेवतो, शांत हवेचा साठा देतो, वर आवाजही कमी करतो. कोकणातल्या पावसात उघडा फिल्टर म्हणजे नाकात पाणी! शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी.

तरीही दादाला उघडाच हवा असेल, तर क्रम असा ठेवा: आधी फिल्टर पक्का करा, मगच ट्यूनिंग. आज ट्यूनिंग आणि उद्या नवा फिल्टर, असं केलं तर सगळी मेहनत पाण्यात. मुख्य जेट एक-एक नंबरने मोठा करत जायचं. हा जेट जवळजवळ पूर्ण रेसला कामाला येतो. मधल्या रेसला नीडल, म्हणजे सुई. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. मग गाडी पळवून आणायची, इंजिन थंड होऊ द्यायचं आणि प्लग काढून बघायचा. टोक पांढरंफटक म्हणजे लीन, काजळीसारखं काळं म्हणजे रिच, बिस्किटासारखं तपकिरी म्हणजे जमलं! हे काम मोठ्या माणसांनी करायचं. तुम्ही रंग ओळखा आणि वहीत नोंद ठेवा.

एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली आणलेली राजदूत ३५० आठवते का, विचारा घरात. तिला सिलिंडर दोन आणि कार्ब्युरेटरही दोन. अशा गाडीला दोन सुटे फिल्टर लावले, तर दोन्ही एकसारखे आणि सारखेच स्वच्छ हवेत. नाहीतर एक सिलिंडर लीन, दुसरा रिच, आणि मेकॅनिक दिवसभर डोकं खाजवणार.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम आले आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. तिथे पेट्रोल मोजायला छोटा संगणक असतो. फिल्टर मात्र आहेच. तुमच्या गाडीचा कुठे आहे, सीटखाली की बाजूच्या झाकणामागे, ते बाबांबरोबर शोधा. आणि तो शेवटचा कधी बदलला होता, तेही हळूच विचारून बघा!