तिकीट कुठे काढायचे?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी आम्ही टॅक्सीतून उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. सात वर्षांचा नातू माझे बोट सोडून दोन पावले पुढे गेला, थबकला आणि मागे वळून म्हणाला, ‘‘आबा, तिकीट कुठं काढायचं?’’

मी हसलो. मग लक्षात आले की प्रश्न हसण्यासारखा नाही. या पोराने आजवर जिथे जिथे खेळ पाहिला तिथे खिडकी होती, मनगटाला कागदी पट्टा बांधणारी मुलगी होती आणि तासाचा हिशेब होता. मॉलमधल्या गाद्यागिरद्यांच्या खोलीत उड्या मारायच्या तर पायमोजेसुद्धा त्यांच्याकडूनच विकत घ्यावे लागतात. चेंडू मारायला मोकळी जमीन असते आणि ती कुणाच्या बापाची नसते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्यात त्याचा काय दोष?

तेव्हा यंदाच्या मे महिन्यात आम्ही आजोबा-नातवंडांनी ठरवले, दर रविवारी मुंबईतले एक मैदान बघायचे. सहावीतली नात वही-पेन्सिल घेऊन हिशेबनीस झाली. बँकेतल्या नोकरीने मला मोजण्याची खोड लावली आहे, ती तिच्यात उतरलेली दिसते.

शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने आजचे नाव आले. सभा, मेळावे, क्रिकेट यांचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्या सकाळी वेगळेच काही दिसले. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटशी पाठ लावून उभा होता. तिसऱ्याच कुणाचा चेंडू पायाशी आला तर न बघता परत फेकायचा, एवढाच कायदा. भांडण होत होते, मिटत होते, पंच नव्हता. नातवाला कुणी नाव विचारले नाही. ‘‘ए छोटू, लाँगऑनला उभा राहा,’’ एवढे म्हणून एका टोळीने त्याला घेऊन टाकले. अर्ध्या तासाने त्याचे गुडघे लाल धुळीने माखले होते. त्या धुळीबद्दल आसपासचे रहिवासी गेली कित्येक वर्षे तक्रार करत आहेत आणि ती खरीच आहे. उन्हाळ्यात तिथल्या घरांत खिडक्या उघडायची सोय नसते. तरीही परतताना त्या गुडघ्यांकडे बघून मला बरे वाटले, हे कबूल करतो.

नातीचे काय? ती तासभर माझ्याबरोबर कट्ट्यावर बसून होती. ‘‘जा ना,’’ म्हटले, तर म्हणाली, ‘‘कुणात जाऊ?’’ मग तिने वहीत मोजले. आमच्या नजरेच्या टप्प्यात खेळणारी मुले एकशे बारा. मुली सात, आणि त्यातल्या पाच एका प्रशिक्षकाकडे फी भरून आलेल्या.

कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटाविषयी फार लिहीत नाही. १९५२ पासून मुंबईत वाढलेले प्रत्येक मूल त्या बुटात एकदा तरी जाऊन आले आहे, आणि ती गंमत एकदाचीच आहे. बाग वेगळी, मैदान वेगळे. बागेत मुलाने काय करायचे ते आधीच ठरलेले असते: इथे घसरा, इथे झोका घ्या, गवतावर पाय ठेवू नका. मैदानात ते मुलाने ठरवायचे. दादर-माटुंग्याच्या पारशी कॉलनीजवळची पाच उद्याने मला आवडतात ती याचसाठी, की तिथे या दोहोंमधली सीमारेषा पुसट आहे. झाडाखाली आजी बसलेल्या आणि दहा हातांवर पोरांचे फुटबॉल चालू.

ओव्हलवर गेलो तेव्हा मुले खूश झाली. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारती. मध्ये बावीस एकर गवत आणि माती. २०१८ साली युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारशात घेतला. पण हेच मैदान मी नोकरीला लागलो त्या काळात उकिरड्यासारखे झाले होते, संध्याकाळी तिथून जायला बायका धजत नसत. आजूबाजूच्या रहिवाशांची संघटना १९९०च्या दशकात न्यायालयात गेली, पैसे उभे केले, मैदान सांभाळले. फाटक मात्र उघडे राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे कामाला येईल.

आता थोडा हिशेब. आपल्या हातात हा अंक आहे. त्याचे एक पान पूर्ण उघडून जमिनीवर पसरा. अशी साधारण तीन पाने शेजारी शेजारी मांडली की जेवढी जागा होते, तेवढी मोकळी जागा मुंबईत माणशी वाट्याला येते. सध्याच्या विकास आराखड्यासाठी महापालिकेने केलेल्या पाहणीतून हा माणशी सव्वा चौरस मीटरचा आकडा पुढे आला. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटर म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे खाते केव्हाच किमान शिलकीच्या खाली गेले आहे, आणि तरी चेक फाडले जात आहेत.

हे असेच होणार होते का? मला तसे वाटत नाही. मी बँकेत लागलो १९८२ साली, गिरणी संपाच्या वर्षी. परळच्या शाखेत माझ्या काउंटरसमोर ठेवी मोडायला आलेल्या माणसांची रांग असे. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या. मागे उरली अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन, तीही शहराच्या ऐन पोटात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमाने तिची ढोबळ वाटणी ठरवली होती. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. त्या हिशेबाने गिरणगावात ओव्हलसारखी सहा-सात मैदाने सहज बसली असती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. आधी गिरणीची सगळी जमीन वाटणीला यायची. आता फक्त जी जमीन आधीपासून मोकळी होती तेवढीच. कारखाने आणि गोदामांखालची जमीन वगळली गेली, आणि गिरणीत मोकळी जागा असते ती किती? प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २००५ साली तिथे दुरुस्ती टिकली नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली. कर्जाच्या कागदपत्रांत एखाद्या शब्दाने काय होते ते मी आयुष्यभर पाहिले आहे. पण एका शब्दाने एवढी मैदाने गेलेली दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

जी उरली त्यांची कथा दत्तक धोरणाची. पालिकेकडे पैसा-माणसे नाहीत म्हणून भूखंड संस्थांना सांभाळायला द्यायचे, ही कल्पना मुळात वाईट नाही. ओव्हल त्याचाच पुरावा. पण सांभाळायला दिलेल्या जागेवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाचे दर लाखांत गेले, आणि कोपऱ्यात ‘जनतेसाठी खुले’ अशी पाटी उरली. २००७ साली असे धोरण लोकांच्या ओरडीमुळे अडले. २०१६च्या जानेवारीत पालिका सभागृहाने पुन्हा मंजूर केले, त्याला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. २०२३ साली नवा मसुदा आला, पुन्हा ओरड झाली. माझे म्हणणे साधे आहे. कोण सांभाळतो हा दुय्यम प्रश्न. फाटकाची किल्ली कुणाकडे आणि ते कधी बंद होते, हा पहिला. उपनगरातल्या एका बागेपाशी आम्ही दुपारी चारला पोचलो तर कुलूप. रखवालदार म्हणाला, ‘‘काका, पोरं आली की घाण होते.’’

अगदीच निराश व्हावे असे नाही. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली बेकायदा गाड्या लागत, तिथे रहिवाशांनी पाठपुरावा केल्यावर २०१६ साली बाग झाली. पुलाखालच्या त्या लांबट पट्टीत माणसे चालतात, पोरे धावतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची एकशे वीस एकर जमीन २०२४ साली पालिकेकडे यायचे ठरले. तिथे मोठे उद्यान करण्याच्या योजना आहेत. कारंजी आणि दिवे असतीलच. साधी माती किती असेल, ते बघायचे.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यात मी मुलांना संगणकावर पालिकेच्या विकास आराखड्याचे नकाशे उघडून दाखवले. ते कुणालाही बघता येतात. आमची इमारत सापडली आणि तिच्या मागे एक हिरवा चौकोन. खेळाच्या मैदानासाठी आरक्षित. मी त्या इमारतीत बावीस वर्षे राहतो. त्या जागेभोवती पत्रे आहेत आणि आत जुने टेम्पो उभे असतात, यापलीकडे मला तिच्याविषयी काही माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी विभाग कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर अजून यायचे आहे.

परवा संध्याकाळी दोघे घरी आली ती काळ्या तेलाने आणि चिखलाने बरबटून. सुनेने डोक्याला हात लावला. कुठे होतात, विचारले.

‘‘आपल्या मैदानात,’’ नातू म्हणाला. ‘‘मागच्या बाजूला पत्रा वाकलाय, आबा. तुम्ही नाही मावणार.’’

‘‘किती जण होता?’’

‘‘अकरा.’’

‘‘आणि मुली?’’

‘‘मला धरून चार,’’ नात म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.