टेफ्लॉन आपले, प्रकाशाची वाट उसनी

डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि तेव्हापासून प्रत्येक पायाभरणी ही राष्ट्रीय बातमी ठरू लागली. इमारतींची चर्चा भरपूर होते. ज्या पदार्थांवाचून त्या इमारती रिकाम्या राहतील, त्यांची मात्र होत नाही.

एकच उदाहरण पुरे. डेटा सेंटरमधील संदेशवहन तांब्याकडून प्रकाशाकडे वळत आहे. चिपवर किंवा सर्किट बोर्डवर प्रकाश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटा, म्हणजे वेव्हगाइड, पॉलिमरच्याही बनवता येतात. पण साध्या ॲक्रिलिकमधील कार्बन-हायड्रोजन बंधांच्या कंपनांचे अधिस्वर १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे नेमका दूरसंचाराचा, प्रकाश शोषून घेतात. हायड्रोजनच्या जागी जड फ्लोरिन बसवला की कंपन मंदावते. मूळ शोषण सुमारे ३.४ मायक्रोमीटरवरून ८ मायक्रोमीटरच्या परिसरात सरकते आणि दूरसंचाराच्या पट्ट्यातील वाट जवळपास मोकळी होते.

मग नेहमीचे टेफ्लॉन का चालत नाही? कारण ते स्फटिकी असते. दुधाळ दिसते आणि प्रकाश विखुरते. साखळीत वलयाकार रचना गुंफून स्फटिकीभवन रोखावे लागते. जपानच्या एजीसीचे सायटॉप आणि अमेरिकेच्या केमूर्सचे टेफ्लॉन एएफ ही त्याच विद्येची फळे.

फ्लोरिनचे रसायनशास्त्र भारताला नवे आहे काय? मुळीच नाही. गुजरातेत दहेजला टेफ्लॉनच्या जातीचे पॉलिमर मोठ्या प्रमाणावर तयार होते. आयआयटी मद्रासमध्ये सिलिकॉन फोटॉनिक्सचे केंद्र आहे. टनांनी माल काढणारा कारखाना आणि ग्रॅमभर शुद्ध पदार्थासाठी अडणारी प्रयोगशाळा यांच्यामध्ये पूल बांधणे ही मात्र कोणाचीच जबाबदारी नाही.

‘बाजारपेठ लहान आहे,’ हे ठरलेले उत्तर. लहान आहे, हे खरेच. म्हणून तर तेथे सार्वजनिक पैसा हवा. मोठ्या बाजारपेठेला अनुदानाची गरज कमीच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे पदार्थ पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहजासहजी न विघटणाऱ्या रसायनांच्या कुळातले. इटलीतील विचेन्झा परिसराचे पाणी नासवणारा मितेनी कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुरामला आली. म्हणजे फ्लोरिनची जोखीम देशाने पत्करलेलीच आहे. मोलाचा टप्पा तेवढा परक्यांच्या हाती राहिला आहे. हा कोणत्या हिशेबाने शहाणपणाचा व्यवहार?

मागणी साधी आहे. सेमीकंडक्टरच्या निधीतील निश्चित वाटा पदार्थनिर्मितीला द्यावा: किलोभर उत्पादनाचे प्रायोगिक संयंत्र, शुद्धीकरण आणि प्रकाशक्षय मोजण्याची सामायिक सोय. सांडपाण्याच्या तपासणीचे आकडे जनतेसमोर ठेवण्याची अट पहिल्या दिवसापासून असावी. जो देश विष सोसतो, त्याने विद्याही मिळवली पाहिजे.