शपथेआधी दवाखाना

राखेच्या बुधवारी मिस्सा आटोपली की काही पुरुष मागे रेंगाळतात. कपाळावरची राख तशीच असते आणि पाठीशी पत्नी किंवा वृद्ध आई उभी असते. क्रुसावर हात ठेवून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायची, फादरांनी मस्तकावर हात ठेवायचा आणि घरच्यांनी डोळे पुसायचे, असा हा परिपाठ आहे. मी स्वतः वर्षानुवर्षे अशा शपथा दिल्या. ही प्रथा आज ज्या स्वरूपात चालते त्या स्वरूपात ती बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या काही धर्मगुरुबंधूंना ते रुचणार नाही, हे मी जाणतो.

सळ्यांच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारा चाळिशीचा एक गृहस्थ असाच माझ्यापुढे आला होता. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून देशीचा घोट घेतल्यावाचून तो पाळीला जात नसे. त्याने शपथ घेतली आणि, दुर्दैव असे की, पाळली. दुसऱ्या दिवशी तो घामाने भिजला. घरच्यांना वाटले, विष बाहेर पडते आहे. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली आणि मेलेले वडील दारात उभे दिसू लागले. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. त्याला खाटेला बांधले आणि मला बोलावणे आले. मी पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना केली, सकाळपर्यंत धीर धरा असे सांगितले. पहाटे त्याला आकडी आली आणि तो गेला. बाधा म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. ते शिकलेले नव्हते, मी होतो.

पुढे एका डॉक्टरांनी मला जे समजावले ते प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत ताणलेला राहायला शिकतो. दारू एकाएकी काढून घेतली की गुंगी जाते, ताण मात्र उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप आणि घाम सुरू होतो. आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नाही ते दिसते, ताप चढतो, नाडी धावते. याला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. पूर्वी उपचारांअभावी त्यात बरेच रुग्ण दगावत. आता वेळेवर उपचार झाल्यास हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आले आहे. उपचारही फार महागडे नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपॅमसारखे औषध भरपूर मात्रेत सुरू करून आठवडाभरात उतरवत नेतात. यकृत बिघडले असल्यास लोराझेपॅम देतात. सोबत ‘ब-१’ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शने. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की ग्लुकोजची बाटली लावण्याची घाई असते. थायमिनआधी ग्लुकोज गेले तर अशा रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून जाणकार डॉक्टर हवा, नुसती सलाईन नव्हे.

यावर मॅट टॅलबटचे उदाहरण हमखास पुढे येते. डब्लिनच्या या मजुराने १८८४ मध्ये तीन महिन्यांची शपथ घेतली आणि १९२५ साली मरेपर्यंत दारूला स्पर्श केला नाही. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला ‘वंदनीय’ घोषित केले. मीही हे उदाहरण प्रवचनांत दिले आहे. पण तो वाचला म्हणून सगळे वाचतील असे मानणे म्हणजे पोहता येणाऱ्याकडे बोट दाखवून बुडणाऱ्याला विहिरीत ढकलणे. इच्छाशक्तीने आकडी थांबत नाही. सवयीमुळे आणि आसक्तीमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे आपल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदात नमूद आहे. तरी आपण पापनिवेदनात त्या माणसाला दुबळा म्हणूनच झापतो.

‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्या आमटीत कालवणाऱ्या भगिनींची अगतिकता मला कळते. पण पुडीत काय आहे ते कोणी सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि नवरा त्यावर प्याला, तर त्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

साखळीविषयीही बोलले पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. तेही श्रद्धेपोटीच तेथे ठेवले गेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणारे मनोविकार येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधणे त्या कायद्याने निषिद्ध आहे. प्रार्थना शिबिरे चालवणाऱ्यांनी हे वाचावे.

ख्रिस्तसभेला हे शहाणपण नवे आहे असेही नाही. अमेरिकेतील ॲक्रन येथील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने १९३९ मध्ये डॉ. बॉब स्मिथ यांच्या विनंतीवरून एका दारुड्याला जठराचा विकार म्हणून नोंदवून खाट मिळवून दिली, कारण दारुड्यांना रुग्णालये दारातूनच परतवत. ती नोंद खोटी होती. माझ्या मते ते असत्य तिला केव्हाच माफ झाले असेल! मुंबईत वांद्र्याला फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभारले. अनिताबाई स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या.

मराठवाड्याची अवस्था मात्र पाहा. राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जालन्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठायची तरी साठेक किलोमीटर. ऊसतोडीहून परतलेला मजूर तेथे आठवडाभर राहिला तर त्याच्या घरी चूल कशी पेटणार, हा प्रश्न शपथ देणाऱ्याने आधी सोडवायला हवा. आपल्या धर्मग्रामांत वेदी सजवायला वर्गणी जमते. एसटीच्या भाड्याला आणि आठवड्याच्या रोजंदारीला का जमू नये?

आठवड्याभराच्या या उपचारांनी व्यसन सुटत नाही, एवढेच की माणूस जिवंत राहतो. पुढे महिनोन्‌महिने समुपदेशन, सोबत्यांच्या सभा, घरच्यांचा धीर हे सारे लागते. शपथेची जागा तेथे आहे, आणि प्रार्थनेचीही.

आमच्या धर्मग्राम मंडळात मी सांगून टाकले आहे. रोज पिणारा माणूस आला तर त्याला प्रथम जिल्हा रुग्णालयात किंवा घाटीत न्यायचे, सोबत आपल्यापैकी एकाने जायचे. काय करावे सुचत नसेल तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनीवर विचारायचे. डॉक्टरांनी घरी सोडल्यावर क्रूस मी पुढे करीन. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “फादर, देवळात आता डॉक्टरची चिठ्ठी मागणार का?” मी म्हणालो, “होय, मागणार.” ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.